वाशिष्ठीच्या काठाने: चिपळुणात नव्याने आलेल्यांसाठी

बदली होऊन चिपळुणात आलेला माणूस पहिल्या रविवारी वाशिष्ठीवर जातो, पाण्याचे फोटो काढतो आणि खूश होऊन परततो. पुढच्या रविवारी त्याच वेळेला पाहुण्यांना घेऊन जातो, तर पाण्याच्या जागी चिखल आणि चिखलात बगळे. नदीचं काही बिघडलेलं नसतं, याने पंचांग बघितलेलं नसतं. इथलं पाणी तीन गोष्टींवर हलतं: पश्चिमेकडून दाभोळच्या खाडीतून चढणारी भरती, पूर्वेकडून येणारं कोयनेचं अवजल (वीज करून सोडलेलं पाणी) आणि घाटमाथ्यावरचा पाऊस. फिरणं, पक्षी बघणं, होडी, गळ टाकणं, काहीही ठरवताना आधी या तिघांचा अंदाज घ्यायचा आणि मग आपली सोय बघायची.

नदीचे तीन तुकडे

कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर आटतात आणि मागे फक्त डोह उरतात. वाशिष्ठी मे महिन्यातही वाहते, कारण सह्याद्रीपलीकडच्या कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात पडतं, पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडतं, तिथून पुन्हा वीज करून वाशिष्ठीत सोडलं जातं. हेच अवजल. विजेची मागणी वाढली की पाणी जास्त, वीजनिर्मिती बंद राहिली की नदी बघता बघता उतरते. ऐन उन्हाळ्यात, आभाळात ढग नसताना पाणी गुडघाभर वर येऊ शकतं ते यामुळे.

फिरणाऱ्याने नदीचे तीन तुकडे धरावेत. पोफळी, अलोरे, खडपोलीकडचा वरचा भाग खडकाळ, गोड्या पाण्याचा आणि ओढीचा. बहादूरशेख नाक्याच्या पुलापासून शहराच्या कडेने जाणारा मधला भाग रोजच्या फिरण्याचा. गोवळकोटपासून खाली खाडी सुरू होते: पात्र रुंद, मधे जुवे (बेटं) आणि भाट्या (ओहोटीला उघडे पडणारे गाळाचे पट्टे), कडेला कांदळवन. नवख्याने मधल्या भागापासून सुरुवात करावी, मग गोवळकोट, मग होडी. वरचा भाग सगळ्यात शेवटी, आणि तोही तिथल्या माणसाबरोबर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण वरचं पाणी स्वच्छ दिसतं.

तिथीवरून भरती काढणे

मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, पण ते बहुधा किनाऱ्यावरच्या बंदराचे असतात. किनाऱ्यावरचा जुना हिशेब पाठ असला की तक्ता नसला तरी चालतं: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पुनवेला आणि अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आत-बाहेर. शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी संपते आणि रोज हे चक्र पाऊण तासाहून थोडं जास्त पुढे सरकतं. हिशेब अर्ध्या तासाने चुकू शकतो. फिरायला तेवढा पुरतो, होडी धक्क्याला लावायला पुरत नाही.

यात दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. पहिली, ही वेळ खाडीच्या मुखाची. पाणी दाभोळ-अंजनवेलहून आत चढत गोवळकोटपर्यंत यायला तास-दोन तास घेतं. तुमच्या जागेचा नेमका फरक तिथल्या होडीवाल्याला विचारा आणि लिहून ठेवा, तो वर्षभर उपयोगी पडतो. दुसरी, आतल्या भागात पाणी चढतं लवकर आणि उतरतं सावकाश, कारण उतरताना नदीचंही पाणी त्यात असतं. म्हणून ‘ओहोटी लागली, आता तासाभरात भाटी उघडी पडेल’ हा अंदाज चुकतो.

पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं: भरती मोठी, ओहोटीही मोठी, ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग: पाणी थोडंच वर-खाली होतं, ओढ मंद. मुंबईला उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते; दक्षिणेकडे येताना ती कमी होत जाते, त्यामुळे मुंबईचे आकडे बघून इथे घाबरायचं कारण नाही. पावसाळ्यात मात्र हा सगळा हिशेब नुसता अर्धा खरा. नदीला पूर असला की ओहोटीतही पाणी उतरत नाही.

पहिली फेरी: शहराचा काठ

दिवाळीनंतर ते माघापर्यंत सकाळी साडेसहा ते नऊ ही चांगली वेळ. चैत्र-वैशाखात नऊनंतर दमट उन्हाने माणूस हैराण होतो, तेव्हा संध्याकाळी पाचनंतर जा. माणशी एक लिटर पाणी, टोपी आणि मागून पट्टा असलेल्या रबरी तळाच्या चपला पुरेत. गुळगुळीत तळाचे बूट नकोत. घाटाच्या पायऱ्या जांभ्याच्या असोत की सिमेंटच्या, पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत त्यांवर शेवाळ असतं. ओल्या पायरीपेक्षा नुकतीच सुकायला लागलेली पायरी जास्त फसवते: वरून कोरडी दिसते, खाली बुळबुळीत असते. पाण्याजवळच्या शेवटच्या तीन-चार पायऱ्यांवर उतरायचंच नाही, हा नियम लहानांना पहिल्या दिवसापासून लावा.

२०२१ च्या महापुरानंतर पात्रातला गाळ मोठ्या प्रमाणावर काढला गेला. गाळ काढलेल्या ठिकाणी काठ उभा तुटलेला असतो आणि कडेचे भराव वरून घट्ट वाटले तरी आतून भुसभुशीत असतात. भरावाच्या कडेपासून दोन-तीन मीटर आतून चाला. कडेला समांतर भेग दिसली तर तिथे उभंच राहू नका.

काठावर दहा मिनिटं बसणार असाल तर पाण्याच्या रेषेला एक खडा ठेवा. पाणी चढतंय की उतरतंय ते तोच सांगेल. पात्रातल्या दगडांवर पाण्याच्या वर ओला पट्टा दिसला तर पाणी नुकतंच उतरलंय. कोरडा दगड सरळ पाण्यात बुडालेला दिसत असेल आणि वाळकी पानं, काटक्या, फेस वाहत येत असेल, तर पाणी चढतंय. ही सवय शहराच्या भागात नुसती गंमत वाटते. वरच्या भागात तिच्यावाचून पाण्याजवळ जायचं नसतं.

कडेवरचं मूल बरोबर असेल तर नदीचा हट्ट सोडा आणि शहरातल्या नारायण तलावासारख्या ठिकाणी जा. ढकलगाडी नदीकाठी कुठेही धड चालत नाही.

गोवळकोट

करंजेश्वरीच्या देवळाजवळून गोविंदगडावर चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. गड लहान आहे, पण खोरं समजून घ्यायला याहून सोपी जागा नाही. वर गेल्यावर आधी पूर्वेला सह्याद्री बघा, मग नदीचं वळण, मग पश्चिमेला खाडीचा रुंद होत गेलेला पट्टा. एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला जा. भाट्या कुठे आहेत आणि होडी मधूनच वळण का घेते, ते तिथून कळतं. पावसाळ्यात चढू शकत नसाल तर परशुराम घाटातल्या विसावा पॉइंटवरून खोरं दिसतं. फक्त गाडी वळणावर उभी करू नका.

गडावर आणि कातळावर गवतात हात घालायचा नाही, दगड उलटायचा नाही. फुरसं हा विषारी साप हातभर लांबीचाही नसतो आणि जांभ्याच्या रंगात दिसतच नाही. दगडाखाली लाल विंचूही असतो. कोकणात या विंचवाच्या दंशाने माणसं दगावत असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूचं प्रमाण खूप खाली आणलं. म्हणून विंचू चावला, घाम सुटला, उलटी झाली, हात-पाय गार पडले, तर मंत्र-पाला यांत वेळ न घालवता सरळ दवाखान्यात. साप चावला तर तो भाग हलवू नका, कापू नका, घट्ट बांधू नका; १०८ ला फोन करा.

धक्क्याच्या कडेला कांदळवन जवळून बघता येतं. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, त्यांवर पाय देऊ नका: झाडाला इजा होते आणि तळवाही फाटतो. हुरा या कांदळवनातल्याच झाडाची फांदी मोडली की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, काही काळ दिसायचंही बंद होतं. फोटोसाठी फांदी बाजूला करायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

चिखलात उतरू नका, हे सांगूनही लोक उतरतात, तेव्हा बाहेर यायचं कसं तेही सांगतो. पाय गुडघ्यापर्यंत गेला की झटका देऊन उपसू नका. एक पाय उपसताना सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तो आणखी आत जातो. मागे रेलून बसा, नाहीतर आडवे व्हा, म्हणजे भार पसरतो. अडकलेला पाय हळूहळू गोल हलवा. पायाभोवती पाणी शिरलं की पकड सुटते. चप्पल गेली तर जाऊ द्या. आलात त्याच वाटेने, रांगत बाहेर या. भरती चढत असेल तर लाज न बाळगता पहिल्या मिनिटाला हाक मारा.

मगरी आणि होडी

वाशिष्ठीत मगरी आहेत, आणि बऱ्याच आहेत. पावसाळ्यात त्या ओढ्या-नाल्यांतून शहरातल्या रस्त्यावरही येतात. ही गोड्या पाण्यातली मगर, पण मचूळ पाण्यातही आरामात राहते. हिवाळ्यात अंग तापवायला ती सकाळी चिखलाच्या काठावर येऊन पडते, तोंड उघडं ठेवते. ते चिडल्याचं लक्षण नव्हे, अंगाची उष्णता सांभाळायची तिची रीत आहे. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास ती काठावरच्या वाळूत, मातीत अंडी घालते आणि पावसाच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात. त्या काळात मादी जवळपास राखण करते, म्हणून उन्हाळ्यात जुव्यांवर उतरून डबा खाण्याचा बेत टाळा.

होडीतून मगरी बघायच्या तर तिथी निवडावी लागते. मगर दिसायला काठ उघडा हवा, म्हणजे ओहोटी हवी; ऊन चढलेलं पण कडक न झालेलं हवं, म्हणजे साडेनऊ ते अकरा; आणि होडी भाटीवर अडकू नये एवढं पाणीही हवं. हे तिन्ही तृतीया ते पंचमीला जुळतं. मुखाशी चतुर्थीला भरती तीनला, ओहोटी नऊला; गोवळकोटच्या बाजूला ती साडेदहाच्या आसपास. साडेआठला उतरत्या पाण्याबरोबर निघा. अष्टमीला सकाळभर पाणी उतरतच असतं आणि भांगामुळे ओढ नसते, म्हणून होडीला घाबरणाऱ्यांसाठी ती तिथी बरी. काठ मात्र कमी उघडतो. पुनव-अवसेला सकाळी सात-आठला ओहोटी तळाला असते. तेव्हा होडी नको, काठावरून पक्षी बघा: तुतवार, बगळे, पाणकावळे, खंड्या आणि वर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार. नशीब असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड.

होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट अंगात घाला, सगळे पट्टे लावा आणि शेजाऱ्याला खांद्यांवरून ते वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत वर आलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. मुलांच्या मापाचं नसेल तर मुलांना नेऊ नका. मोठ्याचं जॅकेट आवळून बांधणं हा उपाय नाही. चढताना होडीच्या मधोमध पाय द्या, कडेवर नाही. मगर दिसली की सगळे एकाच बाजूला धावतात आणि होडी कलते. हा प्रसंग दर फेरीला येतो, म्हणून कोणी उठायचं नाही हे आधीच ठरवा. पाण्यात हात सोडून बसू नका. मगरीला खायला टाकायचं नाही, दगड मारून हलवायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, आणि माणसाकडून खायची सवय लागलेली मगर पुढच्या माणसाला महागात पडते. वस्तीत मगर दिसली तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा.

गळ टाकायचा असेल तर

चढत्या भरतीचे पहिले दोन तास सर्वांत चांगले. मासे पाण्याबरोबर काठाकडे खायला येतात. साधी दोरी, दहा-पंधरा ग्रॅमचं शिसं, लहान गळ आणि ताज्या कोळंबीचा तुकडा एवढ्यावर काळुंदर, शिंगाळा, कधी तांबोशी मिळते. बोय डोळ्यांसमोर उड्या मारतात, पण गळाला सहसा येत नाहीत. त्यांच्यासाठी पाग (हाताने फेकायचं जाळं) लागतो, आणि पाग फेकणं लेख वाचून येत नाही. जिताड्याची स्वप्नं दुसऱ्या वर्षी बघा.

धक्क्यावर, पाण्यापासून उंचावर बसा. पाण्यात घोटाभर उभं राहून गळ टाकणं ही मगरीच्या नदीत नसती हौस. मासे साफ केलेली घाण काठावर टाकू नका, तिच्या वासाने मगर तिथेच यायला शिकते. शिंगाळ्याला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो. तो लागला की ठणका हातभर चढतो. पक्कड जवळ ठेवा. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा. काट्याचं विष उष्णतेने निकामी होतं. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने बघा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही.

पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडायला सगळं गाव रात्री बत्त्या घेऊन वहाळावर (ओढ्यावर) जातं. मजा असते, नाकारत नाही. पण हेच मासे अंडी घालायला चढत असतात आणि त्याच रात्री वहाळ अचानक फुगतो. नवख्याने काठावरून बघावं.

वरचा भाग आणि पाऊस

अलोरे-खडपोलीकडे पात्रात मोठे खडक, त्यांत कोंडी (डोह). पाणी थंड, नितळ. पोहायला उतरू नका. अवजल वाढलं की मधल्या खडकावर बसलेला माणूस दोन्ही बाजूंनी अडकतो. खडकावर जाताना एका ढांगेत ओलांडलेली फट परत येताना ओलांडता येत नाही. जायचंच असेल तर काठाला लागून असलेल्या खडकांवर बसा, खडा ठेवा, आणि पाणी गढूळलं किंवा आवाज बदलला की सामान न आवरता वर या. सवतसड्यासारख्या धबधब्यांनाही तेच: खाली ऊन असलं तरी वर पडलेला पाऊस थोड्याच वेळात खाली पोचतो. धबधब्याखाली उभं राहायची हौस लांबून फोटो काढून भागवा.

पावसाळ्यात निघण्यापूर्वी तीन गोष्टी बघा. हवामान खात्याचा इशारा: २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. रेड अलर्ट असला की घरी बसा. नदीची पातळी: वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर, आकडे प्रशासन जाहीर करत असतं. तिसरी तिथी. घाटात धो-धो पाऊस आणि उधाणाची भरती एका वेळी आली की पाण्याला समुद्राकडे जायला वाट उरत नाही. शहर सखल, त्यात शिव नदी शहरातूनच वाहते, त्यामुळे पाणी बाजारपेठेत चढतं. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या तारखा इथे कोणाला सांगाव्या लागत नाहीत. घर भाड्याने घेताना निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते विचारा. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. गाडी कुठे लावायची ते यावरूनच ठरतं.

पूर उतरल्यावर आठवडाभर काठ बंद समजा. चिखलाखाली काच, पत्रे, तारा असतात, आणि वाहून आलेले साप कोरड्या जागा शोधत असतात.

पाण्या-चिखलातून आल्यावर पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात पाण्यात उतरूच नका. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू अशा जखमेतून शिरतात आणि दुखणं बहुधा एक-दोन आठवड्यांनी उमटतं. तोवर सहल विसरलेली असते. पावसाळ्यात काठावर जाऊन आल्यानंतर महिन्याच्या आत ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात नदीचं सांगा.